बाजूच्या खुर्चीवर नुसतं बसू नका

या वेळच्या टपालात वैद्यकीय विद्यार्थ्यांचीच पत्रं जास्त होती आणि बहुतेकांचा विषय एकच, फॅमिली मेडिसिनचं रोटेशन, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये बसून शिकण्याची पाळी. म्हणून हे सदर या वेळी त्यांच्यासाठी. मध्ये एका पेशंटचंही पत्र घेतलं आहे. विद्यार्थ्यांनी ते वगळून पुढे जाऊ नये.

प्रश्न : मॅडम, लवकरच माझं फॅमिली मेडिसिनचं रोटेशन सुरू होतंय. मेडिसिन आणि सर्जरीत काय करायचं ते कळलं होतं. वॉर्डातले पेशंट वाटून घ्यायचे, रिपोर्ट तोंडपाठ ठेवायचे, राउंडला केस सांगायची. इथे म्हणे पेशंट येतो आणि पंधरा मिनिटांत जातो. सीनियर म्हणतात, 'आराम आहे, सर्दी-खोकला तर बघायचा.' तुम्ही कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना शिकवता. तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय हवं असतं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : सर्दी-खोकला बघायचाच आहे, पण त्यात आराम कसला? खोकल्याचे पेशंट एकामागून एक येतात. बहुतेकांचा खोकला आपोआप जाणार असतो. त्यांच्यातच एखादा न्यूमोनियाचा असतो, एखाद्याचं हृदय थकलेलं असतं, एखाद्याला टीबी असतो, आणि कुणाला बीपीच्या गोळीनेच ढास लागलेली असते. सगळे एकाच बाकावर बसलेले आणि तक्रारही सगळ्यांची एकच. वॉर्डात तुझ्यासमोर आलेला पेशंट आधी कुणीतरी पारखून पाठवलेला होता. इथे ती पारख आपल्याला करायची असते.

अमेरिकेतले संशोधक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये मांडलेला एक हिशेब मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. हजार प्रौढ माणसं घेतली तर एका महिन्यात साधारण 750 जणांना काही ना काही दुखणं होतं. त्यातले 250 जण डॉक्टरकडे जातात, 9 जण हॉस्पिटलात भरती होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो एक. लॅरी ग्रीन यांनी 2001 मध्ये हाच हिशेब पुन्हा केला, तेव्हाही चित्र जवळपास तेच होतं. तुझं आतापर्यंतचं शिक्षण त्या एकाच्या उशाशी झालंय. बाकीचे आता भेटतील.

याचा परिणाम रोजच्या कामावर होतो. डोकं दुखतं म्हणून न्यूरोसर्जरीच्या वॉर्डापर्यंत पोचलेल्या माणसात ट्यूमर निघण्याची शक्यता वेगळी आणि त्याच तक्रारीने माझ्यासमोर बसलेल्या माणसातली वेगळी. रोग जितका दुर्मीळ, तितके पॉझिटिव्ह रिपोर्ट खोटे निघण्याचं प्रमाण जास्त. म्हणून 'सगळ्या तपासण्या करून घेऊ या' असं विद्यार्थी म्हणाला की मी त्याला थांबवते. ही तपासणी आजच का, आणि रिपोर्ट आल्यावर आपण वेगळं काय करणार, हे दोन्ही सांगता आलं तर तपासणी लिहू.

आता अपेक्षांचं. सगळ्यात आधी, पेशंटला बोलू दे. बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 मध्ये डॉक्टर-पेशंटांच्या संवादांचं रेकॉर्डिंग ऐकून मोजलं, तर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. वेळ नसतो, हे कारण मला पटत नाही. स्वित्झर्लंडमधल्या एका ओपीडीत डॉक्टरांना सांगितलं होतं की पेशंट आपणहून थांबेपर्यंत मध्ये पडायचं नाही. 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पेशंट सरासरी 92 सेकंद बोलले. दीड मिनिट! एवढा वेळ माझ्याकडेसुद्धा असतो, विद्यार्थ्याकडे तर असतोच असतो. बोलणं थांबलं की लगेच प्रश्नांची सरबत्ती सुरू करू नकोस. 'आणखी काही सांगायचंय का?' एवढं विचार आणि पुन्हा ऐक.

त्यानंतर, तुम्हाला स्वतःला काय झालंय असं वाटतं, मनात कशाची धास्ती आहे, आज माझ्याकडून काय व्हावं असं वाटतं, हे विचार. आणि एक प्रश्न कधीच गाळू नकोस : 'आजच का आलात?'

मागे एका विद्यार्थ्याने खांदेदुखीची केस फार छान सांगितली. हात किती वर गेला की कळ येते, त्या कुशीवर झोपता येतं का, मानेतून मुंग्या येतात का, काही सुटलं नव्हतं. उपाय म्हणून त्याने गोळ्या, व्यायाम आणि सहा आठवडे वजन उचलायचं नाही, असं सुचवलं. मी विचारलं, 'हे गृहस्थ कित्येक महिने दुखणं काढून आजच का आले?' तो परत आत गेला. आई अंथरुणाला खिळलेली, तिला उठवून बसवायचं काम यांचं, आणि आदल्या रात्री खांदा असा धरला की तिला उचलताच आलं नाही. आता 'वजन उचलू नका' या सल्ल्याचं त्यांनी काय करायचं? मग आमचा निम्मा वेळ आईला न उचलता कुशीवर कसं वळवायचं, खाली घातलेल्या चादरीने दोघांनी मिळून कसं सरकवायचं आणि दुसरा हात देणारं घरात कोण आहे, यात गेला. त्या विद्यार्थ्याने स्वतः पलंगावर आडवं होऊन त्यांना ते करून दाखवलं. खांदेदुखीचा त्या दिवशीचा खरा उपचार तोच होता.

दुसरी अपेक्षा बीपी नीट मोजण्याची. 'येतं, मॅडम' असं कितीही म्हणालीस तरी मी ते पुन्हा शिकवणार. कारण मी जे बघते ते असं : पेशंट आत्ताच घाईघाईने आलेला, तपासणीच्या टेबलावर पाय लोंबकळत बसवलेला, पाठीला टेकू नाही. बाही वर सरकवून तिचा दंडावर आवळपट्टा झालेला. हात त्याचा त्यानेच उचलून धरलेला. आणि मोजता मोजता विद्यार्थी विचारतोय, 'झोप कशी लागते?' आकडा येतो 158/96. त्याच माणसाला खुर्चीत पाठ टेकवून, पावलं जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवून, पाच मिनिटं शांत बसवून मोजलं तर तोच आकडा चांगला खाली आलेला दिसू शकतो. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडावर छोटा पट्टा लावला की आकडा फुगतो. मोजताना तूही बोलू नकोस, त्यांनाही बोलू देऊ नकोस. मिनिटभराने पुन्हा मोज. या आकड्यावर एखाद्याची आयुष्यभराची गोळी सुरू होते, म्हणून मी याबाबतीत कुणाला सूट देत नाही.

तिसरं, केस सांगण्याची पद्धत. राउंडवरची दहा मिनिटांची केस इथे कुणी ऐकणार नाही. पेशंट कशासाठी आला, कामाचं तेवढं काय सापडलं, तुझं मत काय, काय करावंसं वाटतं आणि तुला काय कळलेलं नाही, एवढं दोन-तीन मिनिटांत सांगायचं. एका विद्यार्थिनीने अशी सांगितली होती :

'48 वर्षांच्या बाई, दहा दिवस कोरडा खोकला. ताप नाही, दम नाही, वजन उतरलेलं नाही. श्वास 16, ऑक्सिजन 98, छाती स्वच्छ. सहा आठवड्यांपूर्वी बीपीसाठी एनालाप्रिल सुरू झालंय. मला हा गोळीचा खोकला वाटतो. दुसरी शक्यता व्हायरलची, पण सर्दी, घसा काहीच झालं नव्हतं. गोळी बदलून बघावी. बदलल्यावर खोकला किती दिवसांत जायला हवा, हे मला माहीत नाही.'

मला हे शेवटचं वाक्य सर्वांत जास्त आवडलं. उत्तर आहे, बहुधा एक ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त. तिने विचारलं म्हणून बाईंनाही ते सांगता आलं. मत देताना घाबरू नकोस. मी तुला 'कशावरून?' असं विचारेन. तो राग नसतो. तुझा विचार कुठून कुठे गेला ते मला बघायचं असतं आणि मत चुकलं तर नेमकं कुठे चुकलं ते त्यातूनच सापडतं.

चौथं, आणि माझ्या लेखी या रोटेशनचा गाभा. इथे पुष्कळदा पहिल्या भेटीत डायग्नोसिस होत नाही. ताप दुसऱ्या दिवशीचा असतो, पोट आत्ताच दुखायला लागलेलं असतं. अशा वेळी आज काय करायलाच हवं, कशाला थांबता येईल आणि थांबायचं तर कुठवर, हे ठरवणं हेच आपलं काम. 'बरं वाटलं नाही तर या' म्हणून पेशंटला वाटेला लावणं मला चालत नाही. काय होईल असं आपल्याला वाटतं, ते तसं झालं नाही हे कशावरून ओळखायचं आणि मग कुठे, कधी यायचं, हे तिन्ही सांगायला हवं. साध्या खोकल्याचंच बघ. 2013 मध्ये मार्क एबेल आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर असा खोकला सरासरी 18 दिवस रेंगाळत होता. लोकांची अपेक्षा मात्र साधारण आठवडाभराची होती. हे आधीच सांगितलं नाही तर आठव्या दिवशी माणूस अँटिबायोटिक मागायला परत येतो, आणि त्याचं काही चुकत नाही. 'अडीच-तीन आठवडे लागू शकतात. दम लागला, थुंकीतून रक्त आलं, ताप परत चढला किंवा तीन आठवड्यांनीही कमी झाला नाही तर लगेच या.' हे बोलायला किती वेळ लागतो? आणि बोलून झालं की पेशंटकडून एकदा वदवून घे. त्यांच्या शब्दांत परत आलं की मगच ते पोचलं असं समज.

बाकी छोट्या गोष्टी. उद्याच्या पेशंटांची यादी आदल्या संध्याकाळी बघ आणि त्यातल्या दोघा-तिघांची जुनी नोंद वाचून ये. कुणाची कोणती लस राहिलीय, डायबेटिस असलेल्या कुणाचे पाय बरेच दिवसांत तपासलेले नाहीत, हे शोधून आलीस तर तू पहिल्याच दिवसापासून उपयोगी पडशील. वेळेवर ये. आणि रोटेशन निम्मं झालं की फीडबॅक माग, पण 'मी कशी करतेय?' असं मोघम विचारू नकोस. 'माझी केस सांगण्याची पद्धत कुठे लांबते?' असं विचार, म्हणजे नेमकं उत्तर मिळेल.

प्रश्न : माझं रोटेशन सुरू आहे. पुस्तकात एक पेशंट, एक तक्रार. इथे एकच आजी डायबेटिस, गुडघे, झोप, बद्धकोष्ठता आणि दुखणारा दात घेऊन येतात. मी सगळं विचारत बसतो आणि अर्ध्यावरच वेळ संपते. सर वैतागतात. काय करू?
– एक विद्यार्थी

उत्तर : सगळं विचारत बसू नकोस. सुरुवातीलाच तक्रारींची पूर्ण यादी घे, एकाही तक्रारीत खोल न शिरता. मग आजींना विचार, 'यातलं आज कशाचं बघितलंच पाहिजे असं तुम्हाला वाटतं?' एक गोष्ट त्या निवडतील, एक तू निवड. उरलेल्या गोष्टी वहीत लिही आणि त्या पुढच्या भेटीत बघायच्या आहेत हे त्यांना मोठ्याने सांग. पेशंटला उद्याही इथेच यायचं असतं, हीच तर आपल्या शाखेची ताकद. एका बैठकीत संपवण्याची सक्ती आपल्यावर नाही.

यादी आधी घेण्याचं आणखी एक कारण आहे. लोक सर्वांत जड गोष्ट पुष्कळदा सर्वांत शेवटी काढतात. उठता उठता, दाराशी जाऊन म्हणतात, 'आणि हो, चढण चढताना जरा छाती आवळल्यासारखी होते.' असं झालं की त्यांना परत बसव. गुडघे आणि झोप पुढच्या वेळी, छाती आत्ता. सरांना ताबडतोब बोलाव, रांग कितीही मोठी असली तरी. त्यावर कुणीही वैतागणार नाही.

आणि आजींच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी कर. कागदावर काय लिहिलंय ते बाजूला ठेव आणि यातली कोणती गोळी खरंच घेता, कधी घेता, कोणती सोडून दिली, असं एकेक हातात धरून विचार. दरडावून नाही, घरातल्या माणसासारखं. एकच औषध दोन नावांनी दोन डॉक्टरांकडून चालू असल्याचं मी अनेकदा पाहिलंय. झोप न येणं, बद्धकोष्ठता, चक्कर यांचं मूळही कधी कधी त्या पिशवीतच सापडतं. विद्यार्थ्याकडे या कामाला माझ्यापेक्षा जास्त वेळ असतो, म्हणून हे काम मी आवर्जून विद्यार्थ्यांनाच देते.

प्रश्न : आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे हल्ली विद्यार्थी बसलेले असतात. डॉक्टर फार चांगले आहेत, पण काही गोष्टी त्या मुलांसमोर बोलायला अवघड वाटतं. नको म्हटलं तर डॉक्टरांना राग येईल का? मुलांचं नुकसान होईल का?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही निःसंकोच नको म्हणा. राग येण्याचा प्रश्नच नाही, आणि कुणाला आलाच तर चूक त्याची. तुमच्या उपचारांवर याचा काहीही परिणाम होता कामा नये. खरं तर ही विचारणा तुम्ही खोलीत यायच्या आधी व्हायला हवी, विद्यार्थी समोर बसलेला असताना नाही. समोर मूल बसलेलं असलं की भिडेपोटी माणूस 'असू दे' म्हणतो. तुम्ही अर्धी परवानगीही देऊ शकता : खोकल्याचं ऐकू दे, पुढचं बोलायचं तेव्हा बाहेर जाऊ दे. कारण सांगायची गरज नाही.

मुलांचं नुकसान होत नाही. दार हळूच लावून बाहेर थांबणं आणि त्याचा राग न धरणं, हेही त्यांना इथेच शिकायचं असतं. त्यांनी स्वतःची ओळख 'मी विद्यार्थी आहे' अशीच करून द्यायला हवी, डॉक्टर म्हणवून घ्यायचं नाही. हात लावण्याआधी विचारायचं. तुमच्याबद्दल ऐकलेलं खोलीबाहेर, मित्रांत, नाव गाळूनसुद्धा बोलायचं नाही. यातलं काही होत नसेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि ज्या दिवशी तुम्हाला चालत असेल त्या दिवशी त्यांना बसू द्या आणि बोला. औषध परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेता, हे पेशंटच्या तोंडून एकदा ऐकलेलं विद्यार्थी विसरत नाहीत.

प्रश्न : पेशंटसमोर मोबाइलवर डोस किंवा गाइडलाइन बघितली तर चालतं का? त्यांना वाटेल, याला काही येत नाही.
– एक विद्यार्थी

उत्तर : चालतं. 'डोस एकदा खात्री करून घेतो' असं सांगून बघ आणि जमलं तर स्क्रीन त्यांनाही दाखव. काही न सांगता मोबाइलमध्ये मान घातलीस तर मात्र तू मेसेज वाचतोयस असं त्यांना वाटेल. मीही रोज बघते, विशेषतः मुलांचे वजनाप्रमाणे डोस आणि गरोदरपणात चालणारी औषधं. न बघता अंदाजाने सांगितलेला डोस मात्र मी खपवून घेणार नाही.

प्रश्न : मला सर्जन व्हायचंय, हे ठरलेलं आहे. या रोटेशनमध्ये जीव ओतण्यात माझ्यासारख्याचा काय फायदा?
– एक विद्यार्थी

उत्तर : तुझे पेशंट इथूनच येणार आहेत आणि ऑपरेशननंतर इथेच परतणार आहेत. अमेरिकेतल्या संशोधक बार्बरा स्टारफील्ड यांनी प्राथमिक आरोग्यसेवेची चार वैशिष्ट्यं सांगितली होती : माणूस आधी इथे येतो, वर्षानुवर्षं येत राहतो, कोणतीही तक्रार घेऊन येऊ शकतो आणि बाकी डॉक्टरांनी केलेल्या उपचारांचा मेळ इथे घातला जातो. यातलं चौथं तुझ्याशिवाय होऊच शकत नाही.

म्हणून दोन कामं कर. एक, तुझ्यासमोर रेफर झालेल्या एका पेशंटचा शेवटपर्यंत माग ठेव. चिठ्ठी तू लिही, सरांकडून तपासून घे. त्यात कशासाठी पाठवतोय हा प्रश्न पहिल्या ओळीत असू दे, मग आतापर्यंत काय केलं, चालू औषधं, ॲलर्जी, आणि पेशंटला ऑपरेशन हवंय की त्याची भीती वाटतेय तेही. 'पोटदुखी, कृपया पाहावे' एवढीच चिठ्ठी हातात आली तर सर्जनला काय कळणार? मग त्या पेशंटला फोन करून विचार : भेट मिळाली का, किती दिवसांनी, तिथे काय सांगितलं, त्यातलं किती कळलं. परवानगी मात्र आधी घे.

दुसरं, सरांकडे आलेली जुनी डिस्चार्ज कार्डं मागून घे आणि क्लिनिकमध्ये बसूनच वाच. प्रत्येकात शोध : कोणतं औषध बंद केलं आणि का, रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी सुरू करायची, टाके कधी काढायचे, बायोप्सीचा रिपोर्ट कुणी बघायचा, काय झालं तर सर्जनकडे परत पाठवायचं. जिथे उत्तर सापडणार नाही तिथे ते कसं लिहायला हवं होतं, ते तुझ्या वहीत लिहून काढ आणि सरांना दाखव.